उभट हस्ताक्षरी फॉन्ट वापरताय? या चुका टाळा

सांगलीत हळदीचा किंवा बेदाण्याचा पाऊच करायला घेतला की मालकाची मागणी ठरलेली: “अक्षर हातानं लिहिल्यासारखं दिसू दे, आणि नाव मोठं घ्या.” पाऊच अरुंद, नाव लांबलचक. तिथे उभट हस्ताक्षरी फॉन्ट कामाला येतो. थोडक्या जागेत उंची मिळते आणि घरगुतीपणाही टिकतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे साधा फॉन्ट कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बाजूंनी दाबून ‘उभट’ करणं. ‘हळद’ हा शब्द ७० टक्के रुंदीवर आणून बघा. उभे दांडे बारीक होतात, शिरोरेघ मात्र होती तेवढीच जाड राहते. ‘ळ’ची दोन्ही पोटं चिमटतात आणि छपाईत शाई जराशी पसरली की बुजून जातात. मुळातच उभट काढलेल्या फॉन्टमध्ये ही जाडी अक्षरागणिक सावरलेली असते. अडचण अशी की ‘खंड’ आणि ‘टेको’ उभट आहेत पण हस्ताक्षरी नाहीत, ‘कलम’ हस्ताक्षरी आहे पण तितका उभट नाही. मनासारखा फॉन्ट सापडलाच नाही, तर नावापुरती अक्षरं पेंटरकडून लिहून घ्या आणि स्कॅन करा. दोन-तीन शब्दांसाठी मला तरी तेच बरं वाटतं.

इंग्रजीच्या सवयीनं अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. गर्दी वाटत असेल तर शब्द कमी करा.

नाव दोन ओळींत असेल तर ओळींमधली जागा डोळ्यांनी ठरवा, आकड्यावर विसंबू नका. वर ‘शुद्ध’ आणि खाली ‘सांगलीची’ असलं की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकलाच म्हणून समजा.

फॉन्ट पसंत करण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘कृष्णा’ आणि ‘ॲग्रो’ टाइप करून बघा. आपल्याकडे दर चौथ्या दुकानाच्या पाटीवर ‘ॲग्रो’ असतं, पण हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आला २००८ साली. जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन उमटतो. ‘ऱ्या’चा रफार होत असेल तर तो फॉन्ट मराठीसाठी घेऊच नका. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं सुटी पडली किंवा ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे गेली, तर फॉन्टला दोष देण्याआधी, आवृत्ती जुनी असेल तर, टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ चालू आहे का ते पाहा.

फुकट उतरवलेला प्रत्येक फॉन्ट विक्रीच्या मालावर चालत नाही, परवाना वाचा. ‘कलम’ खुल्या परवान्याचा आहे, त्याची चिंता नाही. छापखान्यात फाइल देताना अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचं चित्रात रूपांतर करा, पण कर्व्ह न केलेली प्रतही जपून ठेवा, कारण मालक पुढच्या खेपेला पाऊचवरचं मालाचं वजन बदलणारच.

आणि पाऊचच्या मागच्या बाजूला घटक, तारीख, किंमत याच फॉन्टमध्ये घालण्याचा मोह होतो. तिथे ‘मुक्ता’सारखा साधा फॉन्ट घ्या.