स्विफ्टमध्ये एकाच टेस्टच्या नकला कशाला?

इंदूरच्या नमकीनच्या दुकानासाठी बिलाचं ॲप करायचं, तर पाव, अर्धा, पाऊण, एक किलो शेव अशी प्रत्येक वजनाला तीच टेस्ट (हिशेब बरोबर येतो का ते तपासणारा कोड) पुन्हा चिकटवली जाते. स्विफ्ट ही ॲपलची प्रोग्रॅमिंग भाषा; एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवण्याचं साधन) १६ पासून मिळणाऱ्या तिच्या स्विफ्ट टेस्टिंगमध्ये ‘टेस्ट’ हा मॅक्रोच (आपल्यासाठी कोड लिहून देणारी खूण) आहे, नकला करायचं काम त्यालाच करू द्या.

१. फंक्शनला वजन आणि अपेक्षित रक्कम असे दोन पॅरामीटर द्या.
२. वर टेस्ट मॅक्रो लिहून ‘आर्ग्युमेंट्स’मध्ये वजनं आणि रकमा या दोन्ही याद्या ‘झिप’ करून, म्हणजे क्रमाने जोड्या लावून, द्या. आत एकच ‘एक्स्पेक्ट’ (उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का ते तपासणारी ओळ) पुरे.

७५० ग्रॅमचा हिशेब चुकला तर तेवढीच जोडी लाल दिसते; शोधाशोध वाचते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

झिप मात्र विसरू नका. नाहीतर चार वजनं गुणिले चार रकमा, अशा १६ टेस्ट चालतील. शिवाय झिप आखूड यादीपाशी मुकाट्याने थांबतं, म्हणून दोन्ही याद्यांची लांबी सारखी ठेवा.