निळ्या टोपणाचा बल्ब

एनआयसीयूची, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूची, पहिली पोस्टिंग लागली की सगळे व्हेंटिलेटर शिकायला धावतात. मी सांगेन, आधी सायट्रेटचा, म्हणजे निळ्या टोपणाचा बल्ब नीट भरायला शिका. रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे तपासायचं सॅम्पल याच छोट्या नळीत जातं.

माझ्या पहिल्या महिन्यात सेप्सिसचं (रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाचं) दीड किलोचं बाळ होतं. रात्री लॅबमधून फोन आला, एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) १८० सेकंदांच्या वर. मी एफएफपीची, म्हणजे गोठवून ठेवलेल्या प्लाझ्माच्या पिशवीची, मागणी लिहायला बसले. सिस्टरांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, सॅम्पल कुठून काढलं होतं?" नाळेतल्या आर्टरी लाईनमधून (धमनीत घातलेल्या नळीतून) काढलं होतं, आणि त्या लाईनला हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, चालू होतं. मग आम्ही दोघींनी बाळाला नीट पाहिलं. टोचल्याच्या जागा कोरड्या, पोटातल्या नळीत रक्त नाही, अंगावर ठिपके नाहीत. शिरेतून नवं सॅम्पल घेतलं, तर ५८ आलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते चालतं. एफएफपी टळलं.

बल्बमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण) लागतं. दीड किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम सव्वाशे-दीडशे मिली रक्त, म्हणून आपला हात आखडतो आणि बल्ब अर्धवट भरला जातो. मग सायट्रेट जास्त पडतं आणि गोठण्याची वेळ खोटी लांबते. लॅबकडून १ मिलीचे छोटे बल्ब मागून घ्या. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) कमी असतो, तेव्हा लॅबला सांगून सायट्रेट कमी करून घ्यावं लागतं. टाच पिळून काढलेलं रक्त या तपासणीला नको.

रिपोर्टवर छापलेली नॉर्मल रेंज बहुतेक वेळा मोठ्यांची असते. रक्त गोठवणाऱ्या घटकांना फॅक्टर म्हणतात. व्हिटॅमिन के लागणारे फॅक्टर (२, ७, ९, १०) जन्मतः मोठ्यांच्या साधारण निम्मे असतात, त्यामुळे एपीटीटी आणि तिच्या जोडीची पीटी, दोन्ही लांबलेल्या दिसतात. कॅनडाच्या डॉ. मॉरीन अँड्र्यू यांनी १९८७ मध्ये पूर्ण दिवसांच्या आणि १९८८ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे आकडे वयानुसार मांडले. ते तक्ते मोबाईलमध्ये ठेवा. फायब्रिनोजेन (ज्यापासून गुठळीचे धागे बनतात ते प्रोटीन) आणि फॅक्टर ८ मात्र जन्मतःच मोठ्यांइतके असतात. म्हणून आजारी बाळात प्लेटलेट्स उतरत असताना फायब्रिनोजेनही घसरू लागलं, तर डीआयसी (अंगभर गुठळ्या होऊन गोठवणारे घटक संपत जाणं) समजून धावा आणि मूळ सेप्सिसवर तुटून पडा.

बाळ एरवी ठणठणीत दिसतंय आणि तरी रक्त थांबत नाही, तर मात्र प्रश्न वेगळे. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिल्याची नोंद जन्माच्या पेपरवर आहे का? आईला फिटच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू होत्या का? मामांना किंवा मावशीच्या मुलग्यांना असा त्रास आहे का?

एका बाळाची नाळ तीन दिवस झिरपत होती. पीटी, एपीटीटी, प्लेटलेट्स सगळं नॉर्मल. सरांनी आईजवळ स्टूल ओढून विचारलं, "ताई, लग्न नात्यातलं का?" आत्याच्या मुलाशी झालं होतं. आणि पहिलं बाळ? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याचीपण नाळ अशीच वाहायची." सरांचा संशय फॅक्टर १३ च्या कमतरतेवर होता. हा फॅक्टर झालेली गुठळी पक्की करतो, आणि त्याची कमतरता पीटी-एपीटीटीत दिसतच नाही. युरियामध्ये गुठळी विरघळते का, हे पाहणारी तपासणी वेगळी मागवावी लागते, आणि सॅम्पल एफएफपी देण्याआधीचं हवं. त्या रात्री बाळ झिरपत असूनही सरांनी आधी सॅम्पल काढायला लावलं, मगच एफएफपीची पिशवी जोडू दिली.

लॅबच्या फॉर्मवर एवढं लिहाच: सॅम्पल लाईनमधून की शिरेत टोचून, किती वाजता, आणि आधी काही चढवलं आहे का.