लंडनला लेकीकडे जाताय? एक दिवस राय गावाला काढा, कसं फिरायचं ते सांगते

मुलं लंडनला असली की आपल्या नाशिककरांची ट्रिप ठरलेलीच असते, बिग बेन, लंडन आय, मेणाचे पुतळे, एखाद्या वीकेंडला ऑक्सफर्ड आणि येताना बॅगभर चॉकलेटं. पहिल्या वेळी आम्हीपण तेच केलं. दुसऱ्या वेळी लेक म्हणाली, आई, तुला जुने वाडे बघायला आवडतात ना, मग रायला जा. मी म्हटलं राय म्हणजे आपली मोहरी? तर नाही, हे ईस्ट ससेक्समधलं टेकडीवरचं एक छोटं गाव आहे, लंडनच्या आग्नेयेला, आणि तिथल्या गल्ल्या पाच-सहाशे वर्षांपूर्वी जशा आखल्या होत्या बऱ्याच अंशी तशाच आहेत.

आधी तिकिटाचं, कारण आमची पहिली चूक तिथेच झाली असती. ॲपमध्ये राय टाकलं की पेकहॅम राय नावाचं स्टेशन येतं, ते लंडनमध्येच आहे, आणि राय हाऊस म्हणून अजून एक येतं, ते भलतीकडेच, हर्टफर्डशरमध्ये. ससेक्सचंच निवडलंय ना ते दोनदा बघा. सेंट पँक्रसहून ॲशफर्ड इंटरनॅशनलपर्यंत हायस्पीड गाडी, साधारण ३७-३८ मिनिटं, तिथे उतरून हेस्टिंग्जकडे जाणारी छोटी डिझेल गाडी धरायची, ती वीस-पंचवीस मिनिटांत रायला सोडते. हायस्पीडला भाडं थोडं जास्त पडतं आणि तसं तिकीट असलं तरच बसता येतं, हे काढतानाच बघून घ्या. लंडनमधलं ऑयस्टर कार्ड इथं चालत नाही. नवरा-बायको दोघं जाणार असाल तर टू टुगेदर रेलकार्ड काढा, तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, फक्त दोघांनी एकत्रच प्रवास करायचा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. ॲशफर्डची ती छोटी गाडी साधारण तासाला एकच आहे. आमचे हे 'जरा टॉयलेटला जाऊन येतो' म्हणाले आणि समोरून गाडी गेली, मग तासभर बाकड्यावर बसून घरून आणलेल्या दशम्या संपवल्या, सकाळी साडेदहालाच. तर टॉयलेट गाडीतच उरकून घ्या.

चपलेचं आत्ताच सांगते. रस्ते गोट्यांचे आहेत, फरशी नाही, गोल गुळगुळीत दगड उभे रोवलेले, आणि पाऊस पडून गेला की साबण लावल्यासारखे होतात. साडी नेसून गेलात तरी चालेल पण पायात बूटच पाहिजेत. गुडघ्याचा त्रास असेल तर चढ हळूहळू घ्या, उतार जास्त त्रास देतो. मे ते सप्टेंबरमध्ये गेलात तर बरं, जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आत सूर्य गुडूप.

आता मुद्द्याचं. रायला लोक येतात, मरमेड स्ट्रीटवर फोटो काढतात, चहा पितात आणि दोन तासांत परत जातात. मग म्हणतात छान आहे पण दोन तासांत संपतं. मला विचाराल तर हे गाव बघायचं असेल तर समुद्र डोक्यात ठेवून फिरा, म्हणजे पाणी कुठवर होतं ते शोधत फिरा. आपल्याकडे कसं, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं त्यावरून गोदेचा पूर मोजतात, तसं इथं प्रत्येक भिंतीला विचारायचं की बाई, तुझ्यापर्यंत पाणी यायचं का. कारण आज समुद्र गावापासून सुमारे दोन मैल लांब आहे, आणि एके काळी तो टेकडीच्या पायथ्याला होता. राय हे सिंक पोर्ट्स नावाच्या बंदरांच्या संघातलं बंदर, राजाला जहाजं आणि माणसं पुरवायची, बदल्यात करात सवलती. १२८७ च्या मोठ्या वादळात शेजारचं जुनं विंचेलसी गाव समुद्रानं गिळलं आणि रोदर नदीनं आपला मार्गच बदलला, ती रायजवळून वाहायला लागली, म्हणजे शेजाऱ्याचं बुडालं आणि यांचं फावलं. पण पुढे नद्यांचा गाळ, लाटांनी आणून टाकलेली खडी, आणि वर जमीनदारांनी दलदलीला बांध घालून कुरणं केली त्यामुळे भरती-ओहोटीचा जोर कमी झाला, गाळ वाहून जाईना. बंदर भरत गेलं. व्यापार गेला, पैसा गेला, जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे फारसं काही उरलं नाही. म्हणून ही घरं राहिली. आपल्या जुन्या नाशकातले वाडे आठवा, पैसा आला की आधी वाडा जातो आणि बिल्डिंग उभी राहते, इथं उलटं झालं.

स्टेशनवरून सरळ वर गावात जाऊ नका. उजवीकडे खाली 'स्ट्रँड की' नावाच्या जागी जा, तिथं नदीचा धक्का आहे, जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, आणि नदीत होड्या बांधलेल्या दिसतील. ओहोटी असेल तर होड्या चिखलात तिरक्या पडलेल्या असतात, बिचाऱ्या दिसतात. इथून मरमेड स्ट्रीटचा चढ सुरू होतो. चढताना डावीकडे मरमेड इन ही जुनी सराई, पाटीवर लिहिलंय १४२० मध्ये पुन्हा बांधलं. पुन्हा! तळघरं त्याच्याही आधीची, ११५६ ची सांगतात. अठराव्या शतकात हॉकहर्स्ट टोळीचे स्मगलर इथं टेबलावर भरलेली पिस्तुलं ठेवून दारू प्यायचे म्हणे आणि कुणाची हूं की चूं करायची हिंमत नव्हती. समुद्र मागे हटल्यावर कायद्याचा व्यापार बसला, बेकायदा मात्र जोरात चालला, चहा, ब्रँडी असलं सगळं चोरून यायचं.

या रस्त्यावर घरांना नंबरापेक्षा नावं जास्त. एकाचं नाव 'समोरचं घर', एकाचं 'दोन पुढच्या दारांचं घर'. मला हसू आवरेना, आपल्याकडे पत्ता सांगतात ना, पिंपळाच्या समोरचा वाडा, तसंच.

एका घरासमोर पाच मिनिटं उभं राहा आणि नुसतं लाकूड बघा. काळे उभे-आडवे वासे, मधे पांढरा गिलावा, वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. हे ओकचं लाकूड ओलं असतानाच वापरायचे, कारण वाळलं की ते इतकं कडक होतं की छिन्नी चालत नाही, मग घर उभं राहिल्यावर ते वाळत जायचं आणि वाळताना पिळवटायचं. म्हणून खिडक्या वाकड्या, दारं तिरकी, छप्पर पाठीत पोक आल्यासारखं. पडायला आलंय असं वाटतं पण सांधे लाकडाच्याच खुंट्यांनी जोडलेले आहेत, ते सगळे एकत्र वाकतात. आमच्या ह्यांच्या मामांचा जुन्या नाशकात वाडा होता, त्याचे सागवानी खांब असे सरळसोट की ओळंबा लावून घ्या, त्यामुळे हे आधी म्हणाले काय हे सुतारकाम, आणि मग पाऊण तास तिथून हलले नाहीत. एक गंमत, हाय स्ट्रीटवर गेलात की विटांची नीटनेटकी घरं दिसतील, ती बघून नवी समजू नका, बऱ्याच ठिकाणी पुढची भिंत तेवढी अठराव्या शतकातली, मागे तोच जुना लाकडी सांगाडा. बाजूच्या बोळातून छप्पर बघितलं की चोरी पकडली जाते.

वरती लॅम्ब हाऊस नावाचं जुनं घर आहे, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, कुठल्या वारी उघडं असतं ते आधी बघा. १७२६ च्या जानेवारीत वादळात पहिल्या जॉर्ज राजाचं जहाज जवळच्या कॅम्बरच्या वाळूत येऊन लागलं आणि राजेसाहेब थेट या घरी मुक्कामाला. त्याच रात्री घरच्या बाई बाळंत झाल्या! पाहुणा राजा, बाहेर बर्फ, आत बाळंतपण, त्या घरातल्या बायकांचं काय झालं असेल याचाच मी विचार करत होते. मुलाचं नाव अर्थातच जॉर्ज.

पुढे सेंट मेरी चर्च. याचं घड्याळ १५६१-६२ चं आहे, अजून चालू, आणि लंबक चर्चच्या आत छतातून खाली लोंबतो, हा एवढा लांब, तुमच्या डोक्यावर हळूहळू झुलत असतो. बाहेर दोन सोनेरी पुतळे पाव-पाव तासाला घंटा वाजवतात, तासाचे टोल मात्र ते देत नाहीत, त्यामुळे बाराला गर्दी करून बसलात तर हिरमोड होईल. मनोऱ्यावर तिकीट काढून चढता येतं आणि ते चुकवू नका, पांडवलेणं चढणाऱ्याला पायऱ्यांचं काही नाही पण वाट इतकी अरुंद आहे की पाठीवरची सॅक काढून हातात धरावी लागते आणि एका ठिकाणी आडवं होऊनच सरकायचं. अंग भारी असेल तर खालीच थांबा, रागावू नका. वरून सगळं कळतं, एका बाजूला कौलांची छपरं एकमेकांना चिकटून, दुसऱ्या बाजूला सपाट हिरवं कुरण, मेंढ्या, आणि लांब कडेला समुद्राची करडी रेघ. त्या कुरणात एक बसकी दगडी गढी दिसते, ती कॅम्बर कॅसल, आठव्या हेन्रीनं समुद्रकिनारा राखायला बांधलेली. आता तिच्याभोवती मेंढ्या चरतात, किनारा तिला सोडून गेला.

या चर्चच्या घंटा १३७७ मध्ये फ्रेंचांनी गाव जाळून पळवल्या होत्या. पुढच्याच वर्षी इथले लोक जहाजं घेऊन पलीकडे गेले आणि परत आणल्या. जवळच्या वॉचबेल स्ट्रीटचं नाव धोक्याच्या घंटेवरूनच पडलं, त्या रस्त्याच्या टोकाला कठड्याशी उभं राहून खाली बघा, इथेच पाणी होतं. ईप्र टॉवर म्हणजे तेराव्या शतकातला बुरूज, नंतर तुरुंग होता, आता म्युझियम. लँडगेट हा १३२९ चा दरवाजा, चारातला हा एकच उरला, आणि त्याच्या कमानीखालून अजून गाड्या जातात, आपला पार्किंगचा अनुभव बघता मला फार कौतुक वाटलं.

खाण्याचं. तिकडे व्हेजिटेरियन म्हणजे अंडं चालतं असं धरतात, त्यामुळे स्कोन, म्हणजे चहाबरोबर खातात तो छोटा केकसारखा पाव, मागवताना अंड्याचं वेगळं विचारा, बहुतेक वेळा असतंच. चिप्स म्हणजे नुसते बटाटे समजून घेऊ नका, काही दुकानांत ते गाईच्या चरबीत तळतात, शुद्ध शाकाहारी असाल तर तेल कुठलं ते विचारूनच घ्या, त्यांना राग येत नाही. पाणी विकत नका घेऊ, टॅप वॉटर म्हटलं की फुकट देतात. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ, इथले स्कॅलप म्हणजे शिंपल्यातलं मऊ गोडसर मांस, खास असतं, ह्यांनी दोन प्लेट खाल्ल्या.

शक्य असेल तर एक रात्र राहा. संध्याकाळी पाचनंतर फिरायला आलेली माणसं जातात आणि मरमेड स्ट्रीटवर तुमच्या बुटांचाच आवाज येतो. राहणं जमत नसेल तर निदान भरतीची वेळ मोबाईलवर बघून ठेवा आणि जाताना परत धक्क्यावर या. आम्ही आलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. आधी चिखलातून एक बारीक ओहळ, मग तो रुंद झाला, मग सकाळी तिरकी पडलेली एक निळी होडी जराशी हलली, थांबली, परत हलली आणि सरळ झाली. हे म्हणाले ही गाडी जाऊ दे, पुढची तासानं आहेच.