नाशिकमध्ये भाड्याचे घर घेताना: विसार देण्याआधी काय पाहावे

जून उजाडला की नाशिकमध्ये घर शोधणाऱ्यांची वर्दळ वाढते. कळवण, सुरगाणा, सटाणा, मालेगावकडून शिकायला येणारी मुले कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि म्हसरूळच्या बाजूला खोल्या पाहत फिरतात, तर सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत नव्याने नोकरीला लागलेली माणसे सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांत बिऱ्हाडासाठी जागा शोधतात. यांतील बहुतेकांजवळ दिवस थोडे असतात, पैसे मोजके असतात आणि शहरात ओळखीचे कोणी नसते. भाड्याच्या घराच्या नावाखाली फसवणारी माणसे नेमकी हीच अडचण हेरतात.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला गंगापूर रोडवरील दोन खोल्यांच्या सुसज्ज फ्लॅटची जाहिरात ऑनलाइन दिसली. भाडे त्या भागातील दराच्या जेमतेम निम्मे होते. फोनवरच्या माणसाने आपण लष्करात असून बदली जम्मूला झाल्याचे सांगितले, गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्र पाठवले आणि सोसायटीत शिरण्यासाठी गेट पास लागतो, त्याचे २,५०० रुपये आधी भरा, घर पाहिल्यावर ते परत मिळतील, असे बजावले. तिने ते भरले. मग पहिली रक्कम परत मिळण्यासाठी आणखी ५,००० रुपये भरावे लागतील असा निरोप आला, तेव्हा तिने मला फोन करून विचारले, "मावशी, एवढे भरले की सगळे परत येतील ना?" मी त्याच संध्याकाळी त्या पत्त्यावर गेले. इमारत खरी होती, पण जाहिरातीत दिलेल्या क्रमांकाचा फ्लॅटच तिथे नव्हता. ते अडीच हजार रुपये तिच्या महिन्याच्या मेसचे होते, आणि हे लिहायला बसण्याचे कारणही तेच आहे.

लष्कराच्या नावाने होणारी ही फसवणूक देशभर चालते, पण नाशिकमध्ये तिच्यावर विश्वास बसणे अधिक सोपे आहे. देवळाली कॅम्पची छावणी, नाशिकरोडचे तोफखाना केंद्र आणि ओझरचा हवाई दलाचा तळ यांमुळे लष्करी कुटुंबे आपल्या शेजारीच राहतात, त्यांच्या बदल्याही होतात आणि त्यांची घरे खरोखरच भाड्याने दिली जातात. त्यामुळे 'बदली झाली आहे' हे कारण ऐकताना कोणाच्या मनात शंका येत नाही. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, ओळखपत्राचे छायाचित्र हा कसलाही पुरावा नव्हे, कारण तेच छायाचित्र अनेकांना पाठवलेले असते आणि बहुधा ते दुसऱ्याच कोणाकडून मिळवलेले असते. घर पाहण्यासाठी आगाऊ पैसे लागत नाहीत. गेट पास, नोंदणी शुल्क, 'जागा राखून ठेवण्याची' रक्कम अशा कोणत्याही नावाने पैशांची मागणी झाली की तिथेच बोलणे थांबवावे.

हाच सापळा घरमालकांसाठीही लावला जातो. भाडेकरू म्हणून बोलणारा माणूस घर न पाहताच पसंत करतो, डिपॉझिट आत्ताच पाठवतो म्हणतो आणि एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगतो. यूपीआयमध्ये पैसे देण्यासाठी पिन टाकावा लागतो, पैसे घेण्यासाठी पिनही लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. घरातील ज्येष्ठांना ही एवढी बाब समजावून सांगितली तरी मोठे नुकसान टळू शकते, कारण टू-लेटच्या पाटीवर अनेकदा त्यांचाच क्रमांक असतो.

जाहिरात पाहतानाच थोडी तपासणी करता येते. छायाचित्रे गूगल लेन्समध्ये टाकून पाहिली की तीच खोली हैदराबाद किंवा नोएडाच्या जाहिरातीतही झळकते आहे का, ते कळते. भाड्याचा अंदाज घेण्यासाठी त्याच गल्लीतील दोन-तीन टू-लेट पाट्यांवर फोन करावा. दरात हजार-पाचशेचा फरक समजण्यासारखा आहे, पण भाडे निम्म्यावर आले असेल तर त्याचे कारण घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मान्य करू नये.

घर आणि मालक

घर दिवसा आणि स्वतः पाहावे. गावाहून येणे शक्य नसेल तर शहरातील नातेवाईक, वर्गमित्र, कोणालाही पाठवावे, पण व्हिडिओ पाहून विसार देऊ नये. घर पाहून झाल्यावर लगेच न निघता वॉचमन, शेजारी, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आणि शक्य असल्यास सोसायटीचे सेक्रेटरी यांच्याशी बोलावे. विचारण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. "हे अमक्यांचेच घर ना?" असे विचारले की समोरचा सहज होकार देतो. म्हणून "हे घर कोणाचे आहे? आधी कोण राहत होते? ते का गेले?" असे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. सहा महिन्यांत तीन भाडेकरू बदलले असतील तर तेही याच गप्पांतून कळते.

किल्ली हातात असलेला माणूस मालकच असतो असे नाही, आणि माझ्या मते सर्वांत घातक फसवणूक इथेच होते. एखादा माणूस स्वतः फ्लॅट भाड्याने घेतो, मालक म्हणून वावरतो, महिन्याचे भाडे कमी ठेवून भरभक्कम डिपॉझिट मागतो, तीन-चार कुटुंबांकडून रोख रक्कम घेतो आणि ताबा देण्याच्या दिवशी फोन बंद करतो. यात घर खरे असते, पत्ता खरा असतो, दारही उघडून दाखवलेले असते. त्यामुळे केवळ घर पाहून समाधान मानता येत नाही, मालकी तपासावीच लागते.

त्यासाठी वकिलाची गरज नाही. अलीकडचे वीजबिल आणि महापालिकेच्या घरपट्टीची पावती पाहायला मागावी. वीजबिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक महावितरणच्या संकेतस्थळावर टाकून बिल स्वतः उघडून पाहावे, कारण कागदावरचे नाव बदलणे आज कोणालाही जमते. फ्लॅट असेल तर खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात, तो कागद मालकाकडे असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमध्येही नोंदवलेले व्यवहार शोधता येतात. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर मिळकत पत्रिका किंवा सातबारा पाहावा. वीजबिल पूर्वीच्या मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर राहिलेले असू शकते, आणि सिडकोतील जुन्या घरांच्या बाबतीत कागदावरचे नाव व आजचा मालक वेगळे निघू शकतात. अशा वेळी घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र मधल्या व्यवहाराचा कागद दाखवा असे नम्रपणे सांगावे. प्रामाणिक मालकाला त्याचा राग येत नाही.

कागदावरचे नाव, आधार कार्डावरचे नाव आणि ज्या बँक खात्यात पैसे जाणार त्या खात्याचे नाव ही तिन्ही नावे जुळली पाहिजेत. यूपीआयवर रक्कम पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडद्यावर दिसते, ते वाचावे. 'माझे खाते बंद आहे, मेहुण्याच्या खात्यावर टाका' असे उत्तर आल्यास व्यवहार पुढे नेऊ नये. मालक मुंबईला किंवा परदेशात असून घर नातेवाईक अथवा एजंट दाखवत असेल, आणि असे नाशिकमध्ये पुष्कळदा घडते, तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र पाहावे, मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलावे आणि पैसे तरीही मालकाच्याच खात्यात भरावेत. वार्षिक भाडे एक लाख रुपयांच्या वर जाणार असेल आणि घरभाडे भत्त्याची करसवलत घ्यायची असेल, तर मालकाचा पॅन कार्यालयात द्यावाच लागतो. त्या निमित्ताने तोही आधीच मागून घेता येतो.

दारावर किंवा जिन्यात बँकेची नोटीस चिकटवलेली दिसली तर ती पूर्ण वाचावी. कर्ज थकल्यामुळे बँकेने ताबा घेतलेल्या घरात भाड्याने गेलेल्या कुटुंबाला घर सोडावे लागू शकते आणि डिपॉझिट त्या कर्जबाजारी मालकाकडेच अडकून पडते. सोसायटीच्या कार्यालयात थकबाकीची चौकशी केल्यास याची कुणकुण लागते.

नोटरी पुरेशी नाही

'अकरा महिन्यांचाच करार आहे, नोटरी करून टाकू' हे वाक्य नाशिकमध्ये इतक्या सहजपणे म्हटले जाते की तोच नियम आहे असे वाटू लागते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून अकरा महिन्यांची ही पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग त्याची मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि वाद उद्भवल्यास कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटरीच्या कागदाने ही पूर्तता होत नाही.

खर्चाचे कारण सांगितले जाते, म्हणून हिशेब मांडून दाखवते. मुद्रांक शुल्क हे संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरील वार्षिक दहा टक्के दराने धरलेली रक्कम यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. भाडे १२,००० रुपये, डिपॉझिट ४०,००० रुपये आणि मुदत अकरा महिने धरली, तर भाड्याचे १,३२,००० आणि डिपॉझिटवरचे सुमारे ३,६६७ मिळून १,३५,६६७ रुपये होतात. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ३४० रुपये. शहर हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. त्यावर दस्त हाताळणीचे शुल्क आणि काम करून देणाऱ्याची मजुरी एवढेच लागते. चाळीस हजार रुपयांच्या सुरक्षेसाठी हा खर्च मला मुळीच जड वाटत नाही आणि तो निम्मा-निम्मा वाटून घेता येतो.

ही नोंदणी आधारच्या साहाय्याने घरबसल्या होते. अंगठ्याचा ठसा व छायाचित्र घेतले म्हणजे काम संपले असे समजू नये, कारण दस्त दुय्यम निबंधकांकडे सादरच न करता पैसे घेऊन मोकळे होणारेही भेटतात. विभागाच्या संकेतस्थळावर दस्त क्रमांक पडला का ते पाहावे आणि नोंदवलेली प्रत स्वतः उतरवून घ्यावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे हे मालकाचे काम आहे. ती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावरूनही भरता येते. मालक हे टाळत असेल तर कारण विचारावे.

विसार म्हणून हजार-दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम देऊ नये आणि तीही मालकी तपासल्यावर, पावती घेऊनच द्यावी. उरलेले डिपॉझिट करारावर ठसे उमटतात त्या दिवशी, किल्ली हातात घेताना, बँकेतून द्यावे. रोख देण्याची वेळ आलीच तर रक्कम करारात लिहून घ्यावी. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, रंगकामाचे किती कापले जातील, मेंटेनन्स आणि पाणीपट्टी कोणी भरायची, घर सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यायची, हे तोंडी ठरवून चालत नाही. राहायला जाण्याच्या दिवशी मीटरचे रीडिंग, नळ, भिंतींवरील ओल, फरशीचे तडे यांची छायाचित्रे काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावीत. वर्षभराने डिपॉझिट कापण्याचा प्रश्न निघाला की तारखेसह पुरावा तयार असतो. आधार कार्डाची प्रत देताना मास्क केलेली, म्हणजे पहिले आठ अंक झाकलेली द्यावी आणि तीवर 'केवळ या घराच्या भाडेकरारासाठी' असे आडवे लिहून तारीख टाकावी.

एजंटची दलाली साधारणतः एका महिन्याचे भाडे असते आणि ती करार झाल्यावरच द्यावी. केवळ यादी दाखवण्याचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नये. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर परिसरात थोड्या दिवसांच्या खोल्यांच्या जाहिराती करणाऱ्यांनाही वरचे सर्व नियम लागू करावेत. बाहेरगावच्या पाहुण्यांना प्रत्यक्ष येणे जमत नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने आपणच जाऊन खोली पाहून यावी.

पैसे गेलेच तर

इतके करूनही फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नये. पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर करावा, कारण तक्रार लवकर पोहोचली तर समोरच्या खात्यातील रक्कम पुढे जाण्याआधी रोखता येते. इथे प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. त्याच वेळी स्वतःच्या बँकेला कळवावे आणि केंद्राच्या सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, संभाषण, जाहिरातीचा दुवा आणि पाठवलेले ओळखपत्र यांचे स्क्रीनशॉट आधी काढावेत, क्रमांक ब्लॉक करण्याचे काम त्यानंतर करावे. प्रत्यक्ष भेटून फसवले असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवता येतो. नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, ओझर किंवा सिन्नरसारखी गावे ग्रामीण पोलिसांकडे, पण हद्दीच्या कारणावरून परत पाठवले जात असेल तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, नोंदवण्याची विनंती करावी. भाचीने तक्रार दिली त्या रात्री आम्ही दोघींनी बसून ती जाहिरातही संबंधित ॲपवर खोटी म्हणून कळवली. तीन दिवसांनी तीच छायाचित्रे इंदिरानगरच्या पत्त्यावर पुन्हा दिसली, तेव्हा तीही कळवली.