सोलर बसवायच्या आधी घरात एवढं करा

कोल्हापूरला पाण्याची काय कमी, असं सगळेच म्हणतात, पण 2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि बाहेर पाणीच पाणी असताना लोक घागरी घेऊन टँकरमागं पळत होते. त्यात पाणी टाकीत चढवायला लाईट लागतेच, म्हणून दोन्ही एकत्र वाचवायचं, आणि सोलर सगळ्यात शेवटी.

आधी गळती बघा. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका, अर्धा तास कुणाला वापरू देऊ नका, फ्लश न करताच खाली निळसर पाणी दिसलं की वॉशर गेलंय समजायचं. गच्चीवरची टाकी भरून वाहत असेल तर ऑटो कट-ऑफ बसवाच, 1 एचपीची मोटर तासाला जवळपास 1 युनिट खाते, म्हणजे पाणीही गेलं आणि बिलही वाढलं.

मग पावसाचं पाणी. 1 चौरस मीटर स्लॅबवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. हजार स्क्वेअर फुटाचा स्लॅब साधारण 93 चौरस मीटर होतो, वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला 20 टक्के वाया गेला तरी 74 हजार लिटर होतात, आणि हे सगळं आपण गटारीत सोडतोय! मे महिन्यात स्लॅब झाडून घ्या, पाईपला खाली एक व्हॉल्व्ह ठेवा आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी त्यातून सोडून द्या, त्यानंतरचं पाणी खडी, वाळू आणि कोळशाच्या फिल्टरमधून टाकीत नाहीतर बोअरजवळच्या शोषखड्ड्यात घ्या. पण पंचगंगेच्या काठाला जिथं जुलैत जमिनीतलं पाणीच वर आलेलं असतं तिथं खड्ड्यावर पैसे घालू नका, झाकणाची टाकी घ्या. धुणं, फरशी, फ्लश सगळं त्यावर भागतं. मोरीचं पाणी मात्र बोअरजवळच्या या शोषखड्ड्यात कधीच सोडू नका.

फॅन बदलायचेच असतील तर बीएलडीसी, म्हणजे कमी लाईट खाणाऱ्या मोटरचे घ्या, 75 वॉटच्या जागी 30-35 वॉटमध्ये काम होतं.

एवढं झालं की दोन-तीन महिन्यांची बिलं बघा आणि मगच सोलर किती किलोवॉटचं ते ठरवा, कारण युनिट कमी झाले की सिस्टीमही लहान लागते. 1 किलोवॉटला साधारण 100 स्क्वेअर फूट जागा लागते, चांगल्या उन्हात दिवसाला 4 युनिटच्या आसपास मिळतात. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत घरावरच्या सोलरला सबसिडी मिळते, 2 किलोवॉटला 60 हजार, 3 किंवा जास्तीला 78 हजार, अर्ज योजनेच्या पोर्टलवरच करायचा. पॅनेल दक्षिणेकडं तोंड करून, आणि सावली डिसेंबरात तपासा, तेव्हा ती सगळ्यात लांब पडते. आपल्याकडं पावसाळ्यात उत्पादन पडतं, पण नेट मीटर, म्हणजे लाईनला दिलेली आणि लाईनवरून घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर असला की एप्रिल-मेमधले जास्तीचे युनिट तेव्हा वळते होतात.

एक गोष्ट बरेच विक्रेते आपणहून सांगत नाहीत: लाईट गेली की साधं, बिनबॅटरीचं सोलरही बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. लाईट गेल्यावर सोलर बंद पडलेलं तुम्हाला चालणार नसेल तर बॅटरीवाल्या हायब्रिड इन्व्हर्टरचं कोटेशन सुरुवातीलाच मागून घ्या.