चरीत पाणी सोडण्याआधी गवत धरवा

मृगाचा पाऊस लागला की मुळशी-भोरच्या उताराच्या रानांत आणि पुरंदरच्या मुरमाड माळांवर बांधाच्या सांडव्यातून येणारं पाणी, ते ओढ्याकडे नेणाऱ्या उघड्या चरीचा तळ खरवडत नेतं. लक्ष दिलं नाही तर चरीची घळ होते. दगडी पिचिंग, म्हणजे तळाला नि कडांना दगड बसवणं, महाग पडतं. गवत स्वस्त आहे, पण त्याला मुळं धरायला वेळ लागतो आणि तोच आपण देत नाही.

आधी चरीचा आकार सुधारा. खोल, अरुंद चरीत पाणी एकवटून तळ कापतं. परातीसारखी पसरट चर बरी: फूटभर खोलीला दोन्ही बाजूंना चार-चार फूट पसर. वाफसा आला की हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर दाबा. हरळी म्हटल्यावर शेतकरी नाक मुरडणारच, ते बरोबरही आहे. पण तळ तिच्याइतका घट्ट दुसरं गवत क्वचितच धरतं. कडेला दोन फुटांची पट्टी वखरत राहा, म्हणजे ती पिकात शिरणार नाही. तरीही नको असेल तर मारवेलचे ठोंब लावा, वैरणही मिळते.

पहिल्या पावसाळ्यात वरचं पाणी शक्यतो दुसरीकडे वळवा. ते जमत नसेल तर तळावर गोणपाट अंथरून खुंट्या ठोका. नुसतं पाचट टाकू नका, पहिल्याच लोंढ्यात वाहून जातं.

चर ओढ्याला मिळते तिथे खरा धोका. तिथे वाळ्याचे ठोंब चार ते सहा इंचांवर, प्रवाहाला आडवे लावा. ओळीची दोन्ही टोकं काठावर चढवायला विसरू नका, नाहीतर पाणी ओळीला वळसा घालून काठच पोखरतं. शंभर फुटांत दहा फुटांहून जास्त उतार असेल तर एकट्या गवतावर भिस्त ठेवू नका, मध्ये अनगड दगडांचे बांध घाला.

गवत फार वाढू देऊ नका. उंच गवतात गाळ साचतो आणि पाणी चरीबाहेर पडतं, म्हणून चार-सहा इंच राखून कापत राहा. ओल असताना जनावरं सोडू नका. चरीतून ट्रॅक्टर तर मुळीच नको; चाकोरीतूनच नवी ओघळ सुरू होते. शेतात तणनाशक मारताना चरीकडे वारा असेल तर फवारणी थांबवा.

हे सगळं पावसाच्या पाण्याच्या चरीसाठी. कालव्याचं पाणी आणणाऱ्या चारीत गवत वाढवू नका. तिथे ते पाणी अडवतं आणि शेवटच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी जाते.