हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरची बद्धकोष्ठता
हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस शौचास न होणे बहुधा भूल, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके आणि पडून राहणे यांमुळे घडते. मात्र कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो, म्हणून जोर करणे कटाक्षाने टाळावे. कमोडवर बसताना पायांखाली पाट ठेवून गुडघे कमरेपेक्षा उंच घ्यावेत आणि श्वास न रोखता वाट पाहावी. घरोघरी पहिल्यांदा इसबगोल पुढे केला जातो, परंतु ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांनी आतडी मंदावलेली असताना आणि पाणी कमी पडल्यास तो आतच घट्ट होऊन बसू शकतो; त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोज हे मल मऊ करणारे औषध घेणे बरे. घरातल्या घरात थोडे चालावे. पोट फुगून उलट्या होत असल्यास आणि वायूही सरत नसल्यास रेचक न घेता तातडीने रुग्णालय गाठावे.